न दिलेला अंगठा

गुरुवारी मी आईसाठी चिंच घातलेलं माशाचं कालवण नेलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला रबर लावून, कारण डबा आत जाऊ देत नाहीत. दारावरची पहारेकरीण पिशवी उजेडात धरून बघते आणि मग भाताच्या पुडक्यात एका काडीनं ठिकठिकाणी भोकं पाडते. माशाचे काटे मी घरीच काढून टाकले होते. काटे दिसले की ती सगळा मासाच बाजूला ठेवते, आणि बाजूला ठेवलेले मासे कुठं जातात ते रांगेतल्या सगळ्यांना माहीत असतं.

तो शेवटचा साधा दिवस. तुरुंगात आईला भेटायला जायचं, असाही दिवस साधा असू शकतो हे मला पूर्वी पटलं नसतं. पण पावसाळा येऊन गेला, भात कापून झाला, आणि गुरुवार हा बाजाराच्या दिवसासारखा एक दिवस झाला होता. त्या दिवशी शाळेत माझा तास नसे. मी सकाळी चूल पेटवत असे, मोटारसायकलवाल्याशी भाड्यासाठी घासाघीस करत असे आणि रांगेत उभी राहून काहीतरी वाचत असे.

भेटीच्या खोलीत दोन जाळ्या आहेत, मध्ये हातभर अंतर. दोन्हीकडून बायका एकदम बोलतात, त्यामुळं कुणालाच हळू बोलता येत नाही. आई पलीकडे एका पालथ्या बादलीवर बसली होती.

"कालवणात मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"अजून पिशवी उघडली पण नाहीस."

"तूच केलंयस ना? मग कमीच असणार."

"उभी का नाहीस? नीट दिसत नाहीस मला."

"वीस वर्षं उभीच होते. आता बसते जरा." ती खोकली, आणि खोकला संपेपर्यंत हातानं मला थांबवून ठेवलं. "केसोर काय म्हणते?"

केसोर मावशी म्हणजे आमच्या चाळीतली शेजारीण, आईबरोबर कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीला उभी राहणारी. "घरमालकिणीशी भांडली," मी ओरडून सांगितलं. "पाण्यावरून."

"जिंकली का?"

"हरली. पण आवाज तिचाच मोठा होता."

"मग जिंकली असंच धरायचं." आई हसली आणि पुन्हा खोकली. मग लग्नाला कोण कोण आलं होतं असं विचारावं तसं तिनं विचारलं, "बरं, या आठवड्यात कोण?"

फोन आत नेता येत नसे. म्हणून तिच्या सुटकेसाठी उभ्या राहिलेल्या लोकांचे जगभरातून येणारे फोटो मी आदल्या दिवशी नीट बघून ठेवत असे आणि तिला तोंडी सांगत असे.

"इंडोनेशियातल्या बायका. कपड्यांच्याच कारखान्यातल्या. रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत, हातात पुठ्ठे. त्यावर तुझं नाव."

"कोणत्या अक्षरात?"

"इंग्रजी."

"नीट लिहिलंय?"

"एकीनं एक अक्षर जास्त घातलंय."

"घालू दे. कमी घालण्यापेक्षा बरं. पाऊस होता का?"

"एकीच्या डोक्यावर पिशवी होती. असावा."

"भिजल्या असतील गं बिचाऱ्या." तिनं पदर सारखा करावा तशी गळ्यातली चौकड्यांची, पंच्यासारखी ओढणी सारखी केली. "आणि फोटो कुठला लावलाय माझा? तोच?"

तोच. एका भाचीच्या लग्नात काढलेला, ओठ लाल रंगवलेले, केसांत खोटी फुलं. आईला तो आवडत नसे, कारण त्यात ती मंत्र्याच्या बायकोसारखी दिसते असं तिचं म्हणणं होतं. "असली बाई इस्त्री करते यावर कोण विश्वास ठेवणार?" ती म्हणे.

घंटा झाली. ती बादलीवरून उठली, पण लगेच नाही. आधी जाळीला हात लावला, मग उठली. "पुढच्या वेळी मीठ घाल," ती म्हणाली आणि गेली. वळून बघायची सवय तिला नव्हती.

आईचं नाव थाव्री. हे साधं वाक्य आहे, पण ते कुठल्याही सरकारी कागदावर लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यामुळंच झालं.

तिला एक मोठी बहीण होती, सावोन. ती तापानं गेली तेव्हा कारखान्यात जायच्या वयाची झाली होती, आणि आईचं तेवढं वय अजून झालं नव्हतं. घरात कमावणारं कुणी नव्हतं. आजीनं गावच्या मुख्याला दोन कोंबड्या नेऊन दिल्या, आणि त्यानं कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीतलं मोठीचं नाव तसंच ठेवून धाकटीचं खोडलं. अशा रीतीनं थाव्री तापानं वारली आणि सावोन शहरात गेली. आमच्याकडे हे काही नवल नाही. त्या वर्षांत शहरात आलेल्या निम्म्या पोरी बहिणींच्या, मावश्यांच्या, शेजारणींच्या नावावर आल्या. कारखान्याला माहीत होतं. माणसं घेणारा बाबू चेहऱ्याकडे बघून हसे आणि कागदाकडे बघून शिक्का मारे.

इतर बायकांना त्याची सवय झाली. आईला झाली नाही. कारखान्यात छातीवर 'सावोन' अशी पट्टी. पितरांच्या पंधरवड्यात गावी जाऊन विहारात भाताचे गोळे वाहायचे, आणि भिक्खूंनी मेलेल्यांची नावं वाचली की त्यातही सावोन. "पंधरा दिवस तिला जेवू घालायचं आणि वर्षभर तिच्या नावानं आपण जेवायचं," ती म्हणे. हे ती हसत म्हणे, पण दर वर्षी म्हणे.

इस्त्रीच्या खात्यात उन्हाळ्यात बायका चक्कर येऊन पडत. एक पडली की पाठोपाठ दहा-बारा पडत, जणू रांगेतल्या विटा. मुकादम म्हणे, न्याहारी करत नाहीत म्हणून. बायकांनी पंखे मागितले, तर पुढाऱ्यासारख्या बोलणाऱ्या तिघींचा करार पुढे चालू झाला नाही. आमच्याकडे करार तीन-तीन महिन्यांचे असतात. कुणाला काढून टाकावं लागत नाही, फक्त पुढचा करार द्यायचा नाही. तेव्हा आईनं ठरवलं की संघटना काढायची. कायद्यात काढता येते. अर्ज करायचा, पदाधिकाऱ्यांची नावं द्यायची, सभासदांचे अंगठे द्यायचे, आणि कामगार खात्यानं नोंद करून घ्यायची.

अंगठे आमच्या खोलीत घेतले. संध्याकाळी ट्रकमधून उतरून बायका थेट आमच्याकडे येत. लाल शाईची डबी, पत्र्यावर आपटणारा पाऊस, आणि दाराशी पायताणांचा ढीग. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरे शर्ट इस्त्री करायचे होते, म्हणून केसोर मावशी दाराशी लिंबू आणि राख घेऊन बसली होती आणि प्रत्येकीचा अंगठा स्वतः घासत होती.

"हलू नकोस गं. डाग पडला एखाद्या कॉलरवर, तर तो शर्ट घालणारा गोरा थेट मालकाला फोन करेल. म्हणेल, माझ्या मानेवर तुमची संघटना उमटलीय."

बायका हसत होत्या. मी कोपऱ्यात बसून अर्ज लिहीत होते. अक्षर माझं चांगलं, म्हणून. अध्यक्षाच्या नावापाशी मी सावोन लिहायला घेतलं, तर आईनं माझा हात धरला.

"तिचं नको. माझं लिही."

"आई, ओळखपत्रावर तिचं आहे."

"म्हणून काय झालं? मेलेल्या पोरीला अध्यक्ष करू? उद्या काही झालं तर पोलीस बोलवायला येतील, तेव्हा पण तिलाच पुढं करू? पुरे झालं तिचं."

"आत्ताच खरेपणा सुचला तुला?" केसोर मावशी राख झटकत म्हणाली. "मी पण माझ्या आत्तेच्या नावावर आहे. मला काही होत नाही. आत्तेचा पगार वाढला तर मी नाही म्हणणार आहे का?"

"तू सभासद आहेस. राहा आत्तेच्या नावावर. मी अध्यक्ष आहे. बायका माझ्या शब्दावर अंगठे देतायत, आणि माझं नावच खोटं?"

मी तिचं नाव लिहिलं. त्यावर तिनं अंगठा उठवला. बराच वेळ दाबून धरला, इस्त्री धरतात तसा. मग उचलून पाहिलं, आणि म्हणाली, "बरा उठलाय."

काही दिवसांनी कामगार खात्याचं उत्तर आलं: अर्जातील अध्यक्ष मयत असल्याने संघटनेची नोंदणी करता येत नाही. केसोर मावशीनं ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं, आणि तिसऱ्यांदा आम्ही सगळ्याच हसलो, आईसुद्धा. पुढच्या आठवड्यात कारखान्यानं तक्रार केली की सावोन या नावानं काम करणाऱ्या बाईनं बनावट नाव वापरून, खोटे अंगठे गोळा करून कामगारांना चिथावलं. पोलीस आले तेव्हा आई भांडी घासत होती. तिनं हात धुतले, ओढणी घेतली आणि मला म्हणाली, भात झाकून ठेव.

बाहेरच्या जगाला हे कळलं ते वकिलांमुळं. विचेत नावाचे तरुण वकील अशी प्रकरणं फुकट चालवतात. त्यांनी कुठंतरी लिहिलं, आणि बेल्जियममधून लीव नावाच्या बाईंचा फोन आला. त्या पूर्वी एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसायच्या, आता त्यांच्या संघटनेचं परदेशातलं काम बघतात. त्या दुकानात आईच्या कारखान्यातले शर्ट विकले जात. मला इंग्रजी येतं म्हणून मी दुभाषी झाले. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ फोन येई, पाठीमागे मांजर फिरत असे.

लीव बाई चांगल्या होत्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कुणाला वेगळं वाटेल. त्या खोटी आशा देत नसत. "आमच्यानं काही होईल की नाही मला माहीत नाही, चाक्रिया," त्या म्हणत. "पण आम्ही गप्प बसलो तर काहीच होणार नाही, एवढं नक्की." त्यांनी शर्टाच्या कंपनीला पत्रं लिहिली, दुकानासमोर थंडीत उभ्या राहिल्या, इतर देशांतल्या संघटनांना कळवलं. मग फोटो यायला लागले. परिचारिका, गोदीतले हमाल, शाळेचे शिक्षक, बसचालक. सगळ्यांच्या हातात आईचं नाव. कंपनीनं उत्तर दिलं की या प्रकाराबद्दल त्यांना चिंता वाटते. दुसऱ्या पत्राला उत्तर दिलं की ते परिस्थितीवर लक्ष ठेवून आहेत. आमच्या सरकारनं उत्तर दिलं की अशा नावाची कुठलीही व्यक्ती अटकेत नाही, आणि ते कागदोपत्री खरंच होतं.

आईला मात्र ते नाव पोचलं. मी फोटो सांगत असे तेव्हा ती डोळे मिटून ऐके. आयुष्यभर तिला आजीखेरीज फारसं कुणी थाव्री म्हटलं नव्हतं. आमच्याकडे मुलं आईचं नाव घेत नाहीत, बाबा होते तेव्हा तेही 'अगं' म्हणत, आणि कारखान्यात ती सावोन. आता कुठल्या कुठल्या देशांत लोक तिला तिच्या नावानं हाका मारत होते. एकदा ती म्हणाली, "मोठ्यानं म्हणतात का?"

"हो. घोषणा देतात."

"कशा? म्हणून दाखव."

"आई, मी कसं तुझं नाव घेऊ?"

"हो गं. तेही खरं." आणि तिनं शेजारी बसलेल्या कैदी बाईला कोपर मारून सांगितलं, "बघ, इतकं शिकली पण वळण सोडलं नाही पोरीनं."

कागद आला तो भातकापणीच्या आधी. विचेत स्वतः माझ्याबरोबर जाळीपाशी आले. कारखान्याच्या वकिलानं दिलेला कागद होता. त्यात आईच्या तोंडी लिहिलं होतं की मी माझ्या बहिणीच्या नावानं सगळ्यांची फसवणूक केली, बायकांना काही माहीत नसताना त्यांचे अंगठे घेतले, ते सगळे अंगठे रद्द समजावेत आणि संघटना कधी नव्हतीच. खाली अंगठ्याला जागा.

"म्हणजे अंगठा दिला की घरी?" आईनं विचारलं.

"तक्रार मागे घेतील. त्याच आठवड्यात सुटाल, असं ते म्हणतात."

"आणि बाकीच्यांचे अंगठे?"

"नव्हतेच, असं होईल."

"लिंबानं घासले तरी गेले नव्हते हो ते," आई म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुमचं काय मत, वकीलसाहेब?"

"मावशी, मी दोन्ही बाजू सांगितल्या. ठरवायचं तुम्ही. कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

आई माझ्याकडे वळली. ती तेव्हाच बारीक झाली होती. रात्री आडवं झालं की धाप लागते म्हणून बसून झोपत होती. तुरुंगातला डॉक्टर तापाच्या गोळ्या देत होता, आणि मोठ्या दवाखान्यात नेण्याचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर होता. मी तिच्यासाठी त्या आठवड्याची बातमी आणली होती, ती आधी सांगून टाकली. लीव बाईंच्या गावात एका इमारतीची सबंध भिंत रंगवली होती. तिच्यावर आईचं नाव, आणि खाली त्यांच्या भाषेत 'नाही' एवढा एकच शब्द.

"भिंतीवर? केवढं?"

"दोन मजले उंच."

"बाई गं!" तिनं मजले मोजावेत तसं छताकडे पाहिलं. "सावोनताईचं असतं तर मला कसंतरीच झालं असतं." मग म्हणाली, "बरं, तू सांग. तुला काय वाटतं?"

"तू ठरवशील तसं."

"ते वकीलसाहेब बोलले. तू काय म्हणतेस?"

"आई, मला काय कळतं त्यातलं?"

"एवढी पुस्तकं वाचतेस, आणि काय कळतं म्हणतेस?" ती हसायला लागली. हसता हसता धाप लागली, आणि घंटा झाली.

मी पुस्तकं खरंच वाचते. पुस्तकांतल्या अशा बायका अंगठा देत नाहीत. त्यांच्या मुली त्या वेळी काय बोलतात ते बहुतेक लिहिलेलं नसतं.

पुढच्या गुरुवारी आईनं कागद परत दिला, अंगठ्याची जागा कोरी. रविवारी मी लीव बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला, आणि त्यांचे डोळे भरून आले. "केवढी बाई आहे!" त्या म्हणाल्या. "तिला सांग, आम्हाला तिचा अभिमान वाटतो." मी सांगितलं. दोन्हीकडचं बोलणं दोन्हीकडे पोचवायचं, एवढंच माझं काम होतं, आणि ते मी नीट करत होते. लीव बाईंनी विचारलं होतं, "आणि तू कशी आहेस?" मी म्हणाले होते, ठीक. ते इंग्रजीत आणि आमच्या भाषेत सारखंच छोटं असतं.

माशाचं कालवण नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत फोन आला. मी चौथीला भूतकाळ शिकवत होते. फोनवरची बाई म्हणाली, सावोनची नातेवाईक का? मी हो म्हणाले. तिनं दवाखान्याचं नाव सांगितलं आणि म्हणाली, घाईनं यायचं काही कारण नाही.

फुफ्फुसात पाणी झालं होतं, हृदय दमलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला समजावून सांगितलं, हळू आवाजात, कागदावर चित्र काढून. दोन दिवस आधी आणलं असतं तर, असं म्हणून तो थांबला आणि त्यानं चित्र खोडलं. देह ताब्यात घेतल्याबद्दल मी अंगठा दिला. मृत्यूच्या दाखल्यावर सावोन मावशीचं नाव होतं. मी म्हटलं, हे नाव हिचं नाही. कारकून म्हणाला, ताई, ओळखपत्रावर जे आहे तेच मी लिहिणार. थाव्री म्हणता ती तर आधीच वारलेली दिसतेय. तो उद्धट नव्हता. त्यानं मला बसायला खुर्ची दिली. अशा रीतीनं कागदावर सावोन मावशी इतक्या वर्षांनी गेली, आणि आई त्या दिवशी कुठंच गेली नाही.

अग्नी दिला तेव्हा विहाराच्या फाटकाबाहेर साध्या कपड्यातले दोघे पोलीस फोन उंच धरून उभे होते. बायकांनी पांढरे कपडे घातले होते. घोषणा कुणी दिल्या नाहीत. ज्यांचे करार अजून चालू होते त्यांना सकाळी ट्रक पकडायचा होता. केसोर मावशीचा करार आधीच बंद झाला होता. ती आता कारखान्याच्या फाटकापाशी केळी भाजून विकते. तिनं त्या दोघांना केळी नेऊन दिली. "खा," ती म्हणाली. "उन्हात उभं राहून चक्कर येईल. न्याहारी केली नसेल."

त्याच दिवशी पाच-सहा देशांत लोक मिनिटभर शांत उभे राहिले. लीव बाईंनी मला चित्रफीत पाठवली. कुठंतरी बर्फ पडत होता. लोकांनी टोप्या काढल्या होत्या. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी ती एकदाच पाहिली.

शंभराव्या दिवसाच्या विधीला लीव बाई आल्या. एवढ्या लांबून, स्वतःच्या सुट्टीत. फोनवर दिसत तितक्या उंच नव्हत्या, गुडघे दुखत होते, आणि उन्हानं मान लाल झाली होती. बॅगेत एक कापडी फलक होता, त्यावर शेकडो लोकांच्या सह्या. विधी आमच्या खोलीसमोरच्या अंगणात होता, चटया अंथरून. भिक्खू समोर बसले होते, मध्ये आईचा फोटो, तोच, लाल ओठांचा. त्यापुढं भात, फळं, उदबत्त्या. लीव बाई कष्टानं खाली बसल्या आणि त्यांचे पाय सरळ भिक्खूंच्या दिशेनं गेले.

"पाय, पाय!" केसोर मावशी कुजबुजली, आणि तिनं स्वतःच दोन्ही हातांनी त्यांचे पाय उचलून एका बाजूला वळवले, इस्त्रीचा शर्ट घडी घालावा तसे. लीव बाई ओशाळल्या. "माफ करा, माफ करा," असं इंग्रजीत म्हणायला लागल्या.

"काय म्हणते?"

"माफी मागते आहे," मी सांगितलं.

"तिला सांग, थाव्रीला पण नीट बसता यायचं नाही. उभं राहायची सवय होती." मग मावशीनं फलकाचं कापड बोटात धरून पाहिलं. "कापड चांगलंय. शिवण आपल्याकडची नाही. टाका लांब पडलाय."

मंत्र झाले. भिक्खूंनी नाव विचारलं तेव्हा गावाहून आलेल्या मामानं थाव्री सांगितलं, आणि ते तसंच म्हटलं गेलं. भिक्खू जेवायला बसले. मग एकेकीनं फोटोपुढं येऊन आईशी बोलायचं, तशी आमच्याकडे पद्धत आहे. बायका आल्या. एकीनं पोराच्या लग्नाचं सांगितलं. एकीनं सांगितलं की इस्त्रीच्या खात्यात दोन पंखे लावलेत, पण एकच चालतो. केसोर मावशी म्हणाली, "घरमालकिणीशी परत भांडले गं. परत हरले." आणि नाक पुसून बाजूला झाली.

लीव बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मी बोलले तर चालेल का? तू सांगशील तिला?"

"चालेल," मी म्हणाले.

त्या फोटोपुढं गुडघ्यांवर बसल्या. या वेळी पाय नीट होते. मी त्यांच्या शेजारी बसले. त्या एक वाक्य बोलत आणि थांबत, मी ते आमच्या भाषेत आईला सांगत असे, मोठ्यानं, म्हणजे मागच्या बायकांनाही ऐकू जाईल.

"थाव्री, आपली कधी भेट झाली नाही."

मी सांगितलं.

"मी वर्षानुवर्षं तुमच्या हातचे शर्ट विकले. तुमचं नाव मला माहीत नव्हतं, याची मला लाज वाटते."

मी सांगितलं.

"आम्हाला तुम्हाला बाहेर काढता आलं नाही. आम्ही प्रयत्न केला, तो पुरला नाही."

मी सांगितलं. माझा आवाज नीट होता. इतक्या रविवारी आणि गुरुवारी हेच केलं होतं.

"तुम्ही अंगठा दिला नाहीत. आमच्याकडे भिंतीवर तुमचं नाव अजून आहे. नव्या मुलींना आम्ही त्या भिंतीपाशी नेतो आणि सांगतो की ही बाई नाही म्हणाली. ते आम्ही विसरणार नाही."

हेही मी सांगितलं, शब्द न गाळता. मागे कुणीतरी रडत होतं. लीव बाईंनी हात जोडले, जमिनीला कपाळ टेकवायचा प्रयत्न केला, आणि मागे सरकल्या. आता उठायचं होतं. मामानं मला खूण केली की भिक्खूंचं जेवण आटोपलं आहे, आईच्या नावानं पाणी ओतायला ये.

मी उठले नाही. फोटोसमोर भात निवत होता. आई लाल ओठांनी, मंत्र्याच्या बायकोसारखी बघत होती. जाळी नव्हती, घंटा होणार नव्हती, पण मला ओरडूनच बोलायची सवय झाली होती, त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"आता मी बोलते, आई. हे कुणाचं सांगायला नाही आलेय, माझंच आहे. तू विचारलं होतंस ना मला काय वाटतं? दे तो अंगठा. रद्द होऊ देत सगळे अंगठे, भिंत पुसू देत त्यांना. जे हवं ते लिहून दे त्यांना, सावोन म्हणून दे, कुणाच्याही नावानं दे. मला काही नको त्यातलं. तू घरी ये."